ज्यांना मान्य आहे त्यांनी हात वर करा

सत्यशीलाबाईंना एक खोड होती. नियम नीट केला की माणसं नीट वागतात, असं त्यांना मनापासून वाटायचं. मला याचं नवल वाटतं, कारण बाई परतूरच्या, आणि त्यांचे वडील रेल्वेत गेटमन. फाटक बंद असताना खालून वाकून निघून जाणारी माणसं त्यांनी लहानपणापासून पाहिली होती. तरी त्यांचा विश्वास फाटकावरच.

कुंभार पिंपळगावहून आत जो रस्ता जातो, त्यावरच्या एका गावात त्यांची शाळा होती. दोन खोल्या, पुढे ओटा, ओट्यावर पाण्याचा रांजण. पहिली-दुसरी अप्पाराव गुरुजींकडे आणि तिसरी-चौथी बाईंकडे. साल सत्त्याण्णव. बाई पिंपळगावात खोली करून राहायच्या आणि रोज जीपने यायच्या.

बाई बौद्ध होत्या. त्या रुजू व्हायच्या आधीच हे गावाला कळलेलं होतं. कसं कळतं कोण जाणे, पण कळतं. सर्जेरावअण्णा शाळा समितीचे अध्यक्ष. त्यांच्या घरून शाळेत चहा आला की गुरुजींना कप असायचा आणि बाईंना स्टीलचा ग्लास. बाईंनी दुसऱ्याच दिवशी सांगून टाकलं की मी चहा पीत नाही. पाणी त्या खोलीवरून बाटलीत आणायच्या. स्वतःपुरती त्यांनी अशी सोय करून घेतली होती, आणि ती त्यांना आतून खातही होती.

त्यांच्या वर्गात दलित वस्तीवरची पोरगी एकच होती, बेबीनंदा. चौथीत होती. तिचा बाप कचरू सर्जेरावांकडे सालगडी, म्हणजे पाडव्यापासून पाडव्यापर्यंत वर्षभराच्या बोलीवर त्यांच्या शेतात आणि गोठ्यात राबणारा. आई चतुराबाई रोजाने निंदायला जायची. पोरगी विलक्षण हुशार. एकदा सांगितलेलं तिला पुन्हा सांगावं लागत नसे, आणि सांगताना बाई कुठे अडखळल्या तेही तिच्या ध्यानात राहायचं. तहान लागली की ती ओट्याखाली ओंजळ धरून उभी राहायची, आणि रांजणापाशी जो असेल तो वरून पाणी घालायचा. तिला हे कुणी शिकवलं नव्हतं. पाणी घालणाऱ्यालाही कुणी शिकवलं नव्हतं. वर्ग झाडायचं कामही आपोआप तिच्याकडेच आलेलं होतं.

बाईंना हे सरळ मोडता आलं असतं का? आलं असतं, कदाचित. पण त्यांना ते हुकमाने मोडायचं नव्हतं. पोरांनी स्वतः मोडावं, अशी त्यांची हौस.

म्हणून त्यांनी शनिवारची बालसभा सुरू केली. नागरिकशास्त्राचं पुस्तक मिटून ठेवायचं आणि वर्गाचे नियम वर्गानेच करायचे. कुणी नियम सुचवला की बाई म्हणायच्या, "ज्यांना मान्य आहे त्यांनी हात वर करा." पोरांना हा खेळ भलताच आवडला. शेंबूड शेजाऱ्याच्या पाठीला पुसायचा नाही, हा पहिला नियम. वेणी ओढणाऱ्याने दिवसभर फळा पुसायचा, हा दुसरा. जो उशिरा येईल तो मागे बसेल, हा तिसरा. त्याला मच्छिंद्र नावाच्या एका वात्रट पोराने "मंग तो सर्जेरावअण्णाचा नातू का असंना" अशी शेपटी जोडली होती. बाईंनी हसू दाबून ती काढून टाकली.

आणि प्रत्येक वेळी बाई एक गोष्ट बजावायच्या. हरलेल्याने रुसायचं नाही. जिकडे जास्त हात, तिकडे सगळ्यांनी जायचं. आपला देश असाच चालतो.

सर्जेरावांचा नातूही याच वर्गात होता. नाव काकासाहेब आणि वय दहा. हाडापेराने दणकट. रांजण भरायचं काम त्याच्याकडे आणि वरच्या आळीतल्या दोन-तीन पोरांकडे असायचं. हापसा जड होता, दांड्याला लोंबकळावं लागे. एका शनिवारी काकासाहेब वैतागून उभा राहिला.

"बाई, पाणी रोज मीच का म्हणून भरायचं? हाताला फोड आलेत माझ्या. सगळ्यांचा नंबर लावा. झाडायचा, पाण्याचा, घंटीचा. पाळीपाळीनं."

बाई पुढे सरकल्या. "सगळ्यांचा?"

"सगळ्यांचा."

"म्हणजे वर्गात जेवढे आहेत तेवढ्या सगळ्यांचा?"

"हो की बाई. न्हाईतर उपेग काय?"

वर्गातला एकूण एक हात वर गेला. काहींनी तर दोन्ही हात वर केले. काकासाहेबाच्या डोक्यात समता वगैरे काही नव्हतं, त्याला फक्त फोड दुखत होते. पण बाईंना त्याचं काय? नियम झाला होता आणि तो पोरांनी केला होता. त्या दिवशी जीपमध्ये बसून जाताना त्या एकट्याच हसत होत्या.

बेबीनंदाचा नंबर पुढच्या आठवड्यात आला. आदल्या संध्याकाळी चतुराबाई चुलीपुढे बसून पोरीला विनवत होती.

"बाईला म्हणावं, माझा हात दुखून राह्यला. मी झाडते, पाणी दुसऱ्याला सांगा."

"न्हाई दुखत माझा हात."

"अगं, कशाला नसती पीडा? लोकं बघतेत."

"आई, नियम झाला. सगळ्यांनी हात वर केल्ते. काकासाहेबानं बी केल्ता."

चतुराबाईने चुलीत लाकूड सारलं. तिच्या उभ्या जन्मात तिच्या बाजूने इतके हात कधी वर गेले नव्हते.

सकाळी पोरगी सगळ्यांच्या आधी शाळेत पोचली. रांजण उपडा करून तिने शिळं पाणी काढलं, आतून खसखसून घासला, आणि हापशाच्या खेपा घालून, तोंडाला फडकं लावून, गाळून भरला. मग तिने ओगराळं बुडवलं आणि स्वतःच्या हाताने पाणी प्याली. रोजचंच पाणी ते, जरासं खारट. ती पुन्हा प्याली. बाई जीपमधून उतरून फाटकातच थांबल्या होत्या. पोरं आली, प्याली, एकमेकांच्या अंगावर चूळ भरून उडवली, आणि आभाळ काही कोसळलं नाही. मधल्या सुट्टीत बाईंनी आपली बाटली पिशवीतच ठेवली आणि त्या रांजणावरचं पाणी प्याल्या. किती साधी गोष्ट होती. इतकी साधी गोष्ट करायला आपल्याला एवढी वर्षं का लागली, या विचाराने त्यांना रडू फुटायचं राहिलं.

गावात बातमी कुणी चुगली करून नेली नाही. ती कौतुकातून गेली. काकासाहेबाचा धाकटा भाऊ धर्मराज तिसरीत होता. संध्याकाळी जेवायला बसल्यावर तो गोजरबाईला, म्हणजे आपल्या आजीला, म्हणाला, "आजी, आज बेबीनंदानं लई भारी पाणी भरल्तं. फडकं लावून. काकादादा तर तसाच भरतो, काडीकचऱ्यासगट."

गोजरबाईने हातातली भाकरी परातीत टाकली. दोन्ही नातवांना ताटावरून उठवून मोरीत नेलं आणि डोक्यावरून पाणी ओतलं. धर्मराज रडत होता, आपण काय चुकीचं बोललो ते त्याला कळत नव्हतं. रात्र व्हायच्या आत वरची आळी सगळी जाणून होती.

दुसऱ्या दिवशी रांजण भरलेलाच राहिला. पोरांनी घरून तांबे आणले होते. बेबीनंदा ओट्यावर उभी राहून बघत होती. मच्छिंद्र तेवढा तिच्या शेजारी येऊन कुजबुजला, "मला तहानच न्हाई लागली आज," आणि पळाला.

सर्जेराव दोन दिवसांनी आले. रागावलेले मुळीच नव्हते. रागावणारा माणूस परवडतो. धुतलेलं धोतर, हातात तंबाखूची चंची, बोलणं मऊ. त्यांनी गुरुजींनाही बोलावून घेतलं.

"बाई, मी काय जुन्या इचाराचा माणूस न्हाई. माझ्या जीपमधी कोणीबी बसतं. मला फकत एक सांगा, ह्यो नियम तुम्ही केला का पोरांनी?"

"पोरांनी केला, अण्णा."

"हात वर करून?"

"हो."

"मंग बराबर हाय. बिलकुल बराबर. ज्यांनी केला त्यांनाच इचारा. या शनिवारी अजून एक डाव हात वर करू द्या. पोरं म्हणली राहू द्या, तर मी स्वतः इथं येऊन त्या पोरीच्या हातचं पाणी पेतो. झालं?"

अप्पाराव गुरुजींनी सुटकेचा श्वास सोडला. "यापेक्षा न्यायाचं काय असणार, बाई?"

इथे बाईंनी नाही म्हणायला हवं होतं. अशा गोष्टी मताला टाकायच्या नसतात, म्हणून तर घटनेत हक्क वेगळे लिहून ठेवलेत, हे त्यांना ठाऊक होतं. परीक्षेत त्यावर त्यांनी पानंच्या पानं लिहिली होती. पण त्यांना आठवली ती पोरांची तोंडं, ते दोन्ही हात वर करणं, ओट्यावरचा तो हशा. आपली पोरं आपल्याला सोडणार नाहीत, असा त्यांना अभिमान वाटला. अभिमानाने माणूस आंधळा होतो.

"चालेल," त्या म्हणाल्या.

सर्जेराव गेल्यावर गुरुजी खाली बघत म्हणाले, "बाई, पोरं आपल्यापाशी संध्याकाळपर्यंत असतात. जेवायला ती घरीच जातात."

सर्जेराव शाळेतून सरळ गोठ्यावर गेले. कचरू वैरण टाकत होता.

"कचरू, पोरगी हुशार हाय म्हणं तुझी."

"हाय जी."

"शिकव तिला. पिंपळगावला पाचवीला घाल. तिची शाळा सुटायला नको, येवढं बघ."

एवढंच. धमकी नाही, शिवी नाही. पण कचरू सालगडी होता, आणि सालगड्याला मालकाच्या प्रत्येक बोलण्याचा अर्थ कळावाच लागतो. तो घरी आला, हातपाय न धुताच उंबऱ्यात बसला आणि पोरीला जवळ बोलावलं.

"शनिवारी जे ठरंल ते तू मान्य करायचं. तोंडातून शबूद काढायचा न्हाई."

"आन् दादा, ठरलं की मीच पाणी भरायचं, तर?"

कचरूने तिच्याकडे पाहिलं. पोरीला खरंच तसं वाटत होतं. "तसं ठरलं तरी तू झाडूच घ्यायचा," तो म्हणाला. "पाणी भरलंस तर शाळा बी जाईन आन् माझं साल बी जाईन. समजलं का?"

शनिवारी सकाळची शाळा. सर्जेराव आले नाहीत. यायची गरजच नव्हती. पोरं नेहमीसारखी दंगा करत नव्हती, मांडी घालून शहाण्यासारखी बसली होती, आणि त्यावरूनच बाईंना कळायला हवं होतं. त्यांनी विचारलं, "पाळीपाळीने काम करण्याचा नियम तसाच ठेवावा, असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करा."

मच्छिंद्राचा हात खांद्यापर्यंत आला, त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि डोकं खाजवल्यासारखं करून तो खाली घेतला. दुसरा हात आलाच नाही. बेबीनंदाने आपले हात मांडीखाली दाबून धरले होते.

काकासाहेब उभा राहिला. त्याला घरून पाठ करून पाठवलं होतं. "बाई, ज्याला जे काम जमतं ते त्याला द्यायचं. पाणी मी भरीन. रोज भरीन. घंटी धर्मराजला. झाडायचं बेबीनंदाला."

"ज्यांना मान्य आहे त्यांनी..." हे शब्द बाईंच्या तोंडून निघाले नव्हते, तरी हात वर गेले. सगळे हात. कुणाच्या चेहऱ्यावर दुष्टावा नव्हता, हे सर्वांत वाईट. पोरं नुसती नियमाने वागत होती.

"खाली घ्या हात!" बाई ओरडल्या. त्या कधी ओरडत नसत. "हे असं ठरत नाही. काही गोष्टी हात वर करून ठरत नसतात!"

पोरं गोंधळली. काकासाहेबाला तर खरोखरच कळेना. उर्मटपणा नव्हता त्याच्या विचारण्यात, गणितातली अडचण विचारावी तसं त्याने विचारलं, "मंग बाई, आदीचा नियम बी हात वर करूनच ठरल्ता ना? तवा तर तुम्ही खुश झाल्त्या."

या प्रश्नाला उत्तर आहे. चांगलं, भक्कम उत्तर आहे. पण ते पहिल्या शनिवारी सांगायचं असतं. एवढे शनिवार पोरांना जास्त हात म्हणजे खरं असं शिकवून, आता पेचात सापडल्यावर सांगितलं तर ते बाईंची लबाडी वाटणार. बाई खडू हातात धरून उभ्या राहिल्या.

तेव्हा बेबीनंदाने मांडीखालून आपला हात काढला आणि वर केला.

"तू खाली घे हात," बाई म्हणाल्या. "बेबी, खाली घे."

"जिकडं जास्ती हात, तिकडं सगळ्यांनी जायचं ना, बाई?"

"तुला मान्य आहे हे?"

बाई जवळ आल्या, तिच्यापुढे वाकल्या. तिचा हात ताठ होता, कोपरात जरासुद्धा वाकलेला नव्हता, आणि डोळे मात्र जमिनीला. शेवटी गुरुजी दारात आले आणि म्हणाले, "ठरलं ना? मग सोडा पोरांना." घंटा वाजली. ती धर्मराजने वाजवली.

रविवारभर बाई पिंपळगावच्या खोलीत बसून होत्या. वरिष्ठांना कळवावं, तक्रार करावी, हे सगळं मनात येऊन गेलं. तक्रारीची चौकशी होईल, चौकशीला कुणीतरी साहेब येतील, साहेबांचं जेवण सर्जेरावांकडे होईल. त्यांना स्वतःचाच संताप आला. शेवटी त्यांनी एकच ठरवलं. ज्या गोष्टी हातांनी काढून घेता येत नाहीत, त्या आता शिकवायच्या, आणि पाळी पुन्हा सुरू करायची. या वेळी कुणाला विचारायचं नाही.

सोमवारी त्यांनी फळ्यावर मोठ्या अक्षरांत "आपले हक्क" असं लिहिलं. त्यांनी इतकं चांगलं कधीच शिकवलं नव्हतं. एक गाव धरा, त्या म्हणाल्या, त्यात सगळ्यांनी मिळून ठरवलं की मच्छिंद्राने बोलायचंच नाही, तर चालेल? पोरं हसली. मच्छिंद्र म्हणाला, "मी मरंन की बाई!" मग बाईंनी सांगितलं की जन्मावरून कुणाला पाण्यापासून दूर ठेवता येत नाही. गावाने ठरवलं तरी नाही, सगळ्या देशाने हात वर केले तरी नाही. धर्मराज तोंड उघडं टाकून ऐकत होता. बेबीनंदा हनुवटी गुडघ्यावर टेकवून एकटक बघत होती, आणि बाईंना वाटलं, अजून उशीर झालेला नाही.

"म्हणून आजपासून पुन्हा पाळी," त्या म्हणाल्या. "हात वर करायचे नाहीत. आज पाण्याचा नंबर बेबीनंदाचा. ऊठ बेबी, रांजण भर."

बेबीनंदा उठली. चालत ती काकासाहेबाजवळून गेली, दारापर्यंत गेली आणि दारामागचा झाडू घेऊन परत आली.

"बेबी, झाडू नाही. पाणी. तुझा हक्क आहे तो. आत्ताच मी काय सांगितलं?"

"समजलं बाई मला." तिने मान हलवली. समजलं होतंच, तिला सगळंच पहिल्यांदा समजायचं. मग ती बाईंच्या अगदी जवळ आली आणि दुसऱ्या कुणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाली, "पाणी भरलं तर दादा शाळेतून काढणारंय. मंग हे पुढचं मला कोण शिकवंल?"

बाईंच्या हातातला खडू मोडला.

बेबीनंदा मागच्या भिंतीपाशी गेली, खाली वाकली, आणि धूळ उडू नये म्हणून हळूहळू झाडू लागली. सगळा वर्ग मान वळवून तिच्याकडे बघत होता. तिने वर पाहिलं.

"तुम्ही शिकवा ना बाई," ती म्हणाली. "मी झाडता झाडता ऐकते."